बे एके बे, हाँ

आईचे दिवस झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी धाकट्या भावाला म्हटलं, "तू आता माझ्याकडे लखनौला चल." तो "बरं" म्हणाला. तो सगळ्यालाच "बरं" म्हणत असे, त्यामुळे त्याच्या मनात काय आहे हे मी काही विचारलं नाही. कराडचं घर बंद केलं, किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली आणि दोन बॅगा नि गोळ्यांचा डबा घेऊन आम्ही गाडीत बसलो.

तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले आणि वर्षभराच्या धावपळीनंतर डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया हे नाव सांगितलं. त्यानंतरची तीस वर्षं आईनेच त्याला सांभाळलं. बरे दिवस असले की तो गल्लीतल्या मुलांना गणित शिकवायचा. वाईट दिवस असले की खोलीचं दार लावून बसायचा. मी दूर, लखनौत. इथल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतींमधल्या रसायनांवर काम करायला आले ती इथलीच होऊन गेले. नवरा रेल्वेत इंजिनिअर. निवृत्तीनंतर परत जाऊ, परत जाऊ म्हणता म्हणता विकास नगरमध्ये घर झालं, आणि आता आमच्या बोलण्यात निम्मी भाजी असते आणि निम्मी सब्जी.

भावाचा आजार मला फोनवरून माहीत होता. आवाज, संशय, जेवण टाळणं, गोळ्या उशीखाली लपवणं, हे सगळं आई सांगायची. चालण्याबद्दल मात्र ती कधी बोलली नव्हती. रोज बघणाऱ्याला ते दिसत नसावं. मला ते चारबाग स्टेशनवर उतरताना दिसलं. डब्याच्या दारात तो असा थांबला की मागच्या माणसांची रांग लागली. न्यायला आलेल्या माझ्या नवऱ्याने खालून त्याचं कोपर धरलं, मी मागून पाठीला हात लावला, तेव्हा कुठे एक पाय खाली आला.

घरात तर ते रोजचंच झालं. पावलं इतकी लहान की घोट्यांना दोरी बांधलीय असं वाटावं. उजवा हात थोडा तरी हले, डावा अंगाला चिकटलेला. वळायचं असलं की जागच्या जागी सात-आठ पावलं टाकायची. आणि दार आलं की गाडी थांबलीच. आमच्या घराला उंबरे नाहीत, तरी तो प्रत्येक दारात उंबरा असल्यासारखा उभा राहायचा. मी म्हणायची, "अरे, चल ना पटपट." मी स्वभावाने घाईची. प्रयोगशाळेत मुली माझ्या मागे पळायच्या. मला वाटे, आईने लाड केले, तीस वर्षं बसून राहिला, आता अंग आळसावलंय.

एके दिवशी सकाळी तो चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मी पोळ्या लाटत होते. चार पोळ्या झाल्या तरी हा तिथेच. कपातल्या चहावर साय धरली.

"उभा काय राहिलास? टाक की पाऊल!" मी ओरडले.

"टाकतोय, ताई," तो अगदी शांतपणे म्हणाला. "मी टाकतोय. ते पडत नाहीये."

मी त्याच्या पायांकडे बघितलं. उजव्या पायाची बोटं चपलेत घट्ट आवळलेली होती. टाच जराशी उचलली जायची आणि परत खाली यायची. माणूस जोर लावत होता. लाटणं तसंच टाकून मी त्याच्या हातातून कप घेतला आणि मला भयंकर लाज वाटली.

इथल्या नव्या डॉक्टरांनी त्याला दवाखान्याच्या बोळातून चालवून बघितलं. मनगट धरून कोपर वाकवलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं. हात सरळ जाण्याऐवजी टप्प्याटप्प्याने, अडकत अडकत जात होता. मग ते मला म्हणाले, "कुछ दवा का असर है, कुछ बीमारी का अपना। लोग आवाज़ों के बारे में पूछते हैं, पैरों को कोई नहीं देखता।" एक गोळी त्यांनी हळूहळू कमी केली. पूर्ण बंद करता येणार नाही हे बजावून सांगितलं. दोन महिन्यांत बोटांची थरथर बरीच थांबली, चेहरा थोडा सैल झाला, पण चाल जवळपास तशीच राहिली. तेव्हा त्यांनी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. तिथे एक फिजिओथेरपिस्ट मुलगी अशा लोकांना तालावर चालवते म्हणाले. "ले जाइए। नुक़सान तो कुछ है नहीं।"

तालावर! मी आयुष्यभर मोजमापं घेतलेली बाई. मनात म्हटलं, आता टाळ्या वाजवून भजनं म्हणायला लावणार.

छावनीच्या कडेला, रुंद आणि शांत रस्त्यावर एका जुन्या बंगल्याचा हॉल होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी अकरा वाजता. आठ-दहा माणसं असायची, सगळी याच आजाराची, काही तरुण, काही आमच्या वयाची. थेरपिस्ट तिशीची असेल. चिनहटहून स्कूटीवर यायची, हेल्मेट काढलं की केस सगळे एका बाजूला चपटे. तिच्या झोळीत एक डफली आणि टिक-टिक असा ठोका देणारं छोटं यंत्र होतं, मेट्रोनोम.

तिने भावाला पहिलाच प्रश्न विचारला, "आपको क्या कहकर बुलाऊँ?"

नेहमीप्रमाणे मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्याकडे न बघताच तिने पंजा वर करून मला थांबवलं. बराच वेळ गेला. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू केली, ती दूर गेली.

"सर," भाऊ म्हणाला. "बच्चे सर बोलते थे।"

"अच्छा, सर। आइए।"

त्या दिवसापासून तिथे तो सर झाला. मी इतकी वर्षं त्याला कशानेच हाक मारली नव्हती, नुसतं "अरे".

तिने त्याला आधी ताल वगैरे काही न लावता चालवलं. मनगटावरच्या घड्याळात बघत पावलं मोजली. मग यंत्राचा ठोका लावला. मला वाटलं होतं, ती तो जलद लावील, म्हणजे हा त्याच्यामागे ओढला जाईल. पण तिने तो बरोबर त्याच्याच गतीला लावला. इतका संथ की ऐकताना मला जांभई आली.

"याने काय होणार?" मी विचारलंच.

"आंटी जी, पहले मशीन सर की बात मानेगी," ती म्हणाली. "सर उसकी बाद में मानेंगे।"

हे मला पटलं. पहिल्यांदा जे आहे ते नीट मोजायचं आणि मगच काही बदलायचं, हे तर मीही मुलींना शिकवत आले होते. मी भिंतीकडेच्या खुर्चीवर जाऊन बसले.

पहिले तीन दिवस चालणं नव्हतंच. उभं राहायचं, ठोक्याबरोबर मांडीवर थाप द्यायची, वजन या पायावरून त्या पायावर न्यायचं. चौथ्या दिवशी ठोक्यावर पाऊल. हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी बघत होते, पाऊल आधीपेक्षा वीतभर पुढे पडत होतं. ठोका ऐकू आला की पाय जणू कुणी विचारण्याची वाट न बघता उचलला जायचा. दर आठवड्याला ती ठोका किंचित वाढवायची, इतका किंचित की कळूही नये, आणि तो अडखळला की निमूट मागे आणायची. "कोई जल्दी नहीं," हे ती दिवसातून वीस वेळा म्हणत असेल. मला ते औषधासारखं वाटायला लागलं, माझ्यासाठीचं.

घरी नवरा हे सगळं ऐकून उत्साहात आला. त्याने भावाच्या पावलाचं माप घेतलं आणि घरातल्या बोळात लाल इन्सुलेशन टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या, सारख्या अंतरावर. "स्लीपर टाकलेत," म्हणाला. "आता गाडी घसरायची नाही."

"दाजी, ब्रॉडगेज आहे ना?" भाऊ म्हणाला.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. त्याने थट्टा केली होती!

घरच्या सरावाला ठोका द्यायचं काम माझं. मी टाळ्या वाजवायची, तो पट्ट्यांवरून चालायचा. दोन फेऱ्या झाल्या की थांबायचा. मला वाटे, कंटाळला. एक दिवस म्हणाला, "ताई, तू पळतेस."

"मी कुठे पळतेय? मी तर इथे उभी आहे."

"टाळ्या पळतात."

पुढच्या शनिवारी मी थेरपिस्टला हे सांगितलं. तिने मला सगळ्यांच्या मध्ये बसवलं, यंत्र लावलं आणि त्याच्याबरोबर टाळ्या वाजवायला सांगितलं. दहा टाळ्यांतच मी ठोक्याच्या पुढे निघाले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पुढे. पूर्वी पोस्टात काम केलेले एक गृहस्थ त्या गटात होते, फार अदबीने बोलणारे. ते म्हणाले, "मोहतरमा, आपकी तो ट्रेन छूट रही है।" सगळे हसले. भाऊसुद्धा हसला, खांदे हलवून. मी तिथे बसून महिनाभर टाळ्या शिकले, हे माझं निवृत्तीनंतरचं शिक्षण.

सगळं इतकं बरं चाललं होतं की मला शहाणपणा सुचला.

फोनवर मेट्रोनोमचं ॲप मिळतं. मी ते उतरवून घेतलं, भावाच्या कानात इयरफोन घातले आणि एका संध्याकाळी त्याला बाजारात घेऊन गेले. हॉलमध्ये चालतो, बोळात चालतो, मग रस्त्यावर का नाही? थेरपिस्टला विचारलं नाही. त्यालाही विचारलं ते इतकंच, "जाऊ या?" तो म्हणाला, "बरं."

समोशाच्या दुकानापर्यंत तो झकास चालला. ई-रिक्षा, ठेले, माणसं, यातून बाणासारखा नाही, पण न थांबता. मी खूश. मग त्याची मान वाकडी झाली. एक हात कानाकडे गेला. दोन पावलं आणखी, आणि त्याने तारा ओढून काढल्या, फोन रस्त्यावर आपटला, आणि मटारच्या ठेल्याशेजारी तो खाली बसला, दोन्ही कान दाबून, डोळे मिटून. तोंडाने "नको, नको, नको" चाललेलं.

लोक जमले. मी त्याला उठवायला लागले, तो अजून आवळून बसला. ठेलेवाल्याने आपला ठेला मागे घेऊन जागा केली आणि गर्दीला म्हणाला, "बैठने दीजिए भाई, आदमी थक गया है, बैठने दीजिए।" मलाही म्हणाला, "बहन जी, आप भी बैठ जाइए।" पडलेल्या फोनवरूनच नवऱ्याला बोलावलं आणि मी बसले, खाली, रस्त्यावर. नवरा गाडी घेऊन येईपर्यंत आम्ही दोघं मटाराच्या टरफलांमध्ये बसून होतो. मला आठवतं, त्या वेळात मी पहिल्यांदाच काहीही करत नव्हते.

चार दिवस तो बोलला नाही. जेवायचा, गोळ्या घ्यायचा, पण खोलीतून बाहेर येईना. पाचव्या दिवशी मी त्याच्या पलंगाशी चहा ठेवला तेव्हा तो म्हणाला, "ताई, त्या टिकटिकीत ते बोलायला लागले. प्रत्येक टिकला एक शब्द."

"कोण?"

"नेहमीचेच."

"हॉलमध्येही बोलतात?"

"तिथे टिकटिक बाहेर असते. लांब. इथे तू ती आत घातलीस."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी एकटीच छावनीतल्या हॉलवर गेले आणि थेरपिस्टला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती मला बोलेल. तिने हातातली डफली खाली ठेवली. "यह तो मुझे पहले दिन पूछना चाहिए था," म्हणाली. "कि आवाज़ें कब आती हैं, किस चीज़ में आती हैं। मैं भी पैर ही देखती रही।" मग तिने सांगितलं की ताल प्रत्येकाच्या कानात ओतायचा नसतो. तो खोलीत असावा, किंवा मग त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडात. "सर से पूछिए, उन्हें कौन-सी ताल अच्छी लगती है। गाना, गिनती, कुछ भी। उनकी अपनी।"

मी घरी येऊन विचारलं. तो छताकडे बघत म्हणाला, "बघतो." त्याने "बरं" म्हटलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. पण त्याचा अर्थ काय, ते कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर जिन्यातच मला पुटपुटणं ऐकू आलं. आई सांगायची, तो एकटाच बोलायला लागला की समजायचं, वाईट दिवस आले. गोळी कमी केली त्याचा हा परिणाम, डॉक्टरांना फोन करायला हवा, असं काय काय मनात येऊन गेलं. बादली खाली ठेवून मी दाराच्या फटीतून कान दिला.

"बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा."

आणि त्याबरोबर पावलं. तो गच्चीच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत चालत होता आणि पाढे म्हणत होता. आम्ही शाळेत म्हणायचो तसेच, हेलासकट. बे, एके, बे, अशी तीन पावलं पडायची, मग जरा थांबायचा, मग बे, दुणे, चार.

मी दार उघडून बाहेर गेले. "कधीपासून?"

"तीन दिवस झाले." तो कठड्याला टेकला. "यात ते बोलत नाहीत. मी बोलत असतो ना, त्यांना मध्ये घुसता येत नाही. फक्त चौथ्याला जागा राहते. तीन शब्द होतात आणि चौथा ठोका रिकामा. तिथे पाय अडतो."

मी मनातल्या मनात म्हणून बघितलं. खरंच होतं. पाढ्याची प्रत्येक ओळ तीन ठोक्यांची आणि चौथा मोकळा. साठीपर्यंत मी पाढे म्हणत आले आणि त्यात एक भोक आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मंगळवारी तो स्वतः चपला घालून गाडीत जाऊन बसला. हॉलमध्ये थेरपिस्टने यंत्र लावलंच नाही. म्हणाली, "सर, आज आपकी ताल।" त्याने हळूच, खाली बघून सुरुवात केली. तिला मराठी येत नाही, पण तिने डफलीवर बोटांनी त्याचा ठोका धरला. बे एके बे, तीन पावलं, थांबला. बे दुणे चार, तीन पावलं, थांबला. पोस्टातले ते गृहस्थ भिंतीशी बसून फार मन लावून ऐकत होते. एखाद्याने काही सांगितलं की ऐकणाऱ्याने प्रतिसाद द्यावा, ही त्यांची रीत. भाऊ "बे त्रिक सहा" म्हणून थांबला तसे ते अगदी सहज म्हणाले, "हाँ।"

आणि पाय पडला.

भावाने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "बे चोक आठ," तो म्हणाला.

"हाँ।"

पाऊल.

"बे पंचे दहा."

"हाँ!" आता तिघे-चौघे म्हणाले. हॉलची भिंत आली, तो वळला, वळतानाही "हाँ" ने त्याला पुढे काढलं, आणि तो परत आला. न थांबता. बे दाहे वीसपर्यंत. थेरपिस्टने डफली काखेत धरली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी ज्या खुर्चीवर बसले होते तिचा हात मी इतका घट्ट पकडला होता की बोटांना वळ उठले.

"ये है क्या?" त्या गृहस्थांनी मला विचारलं. "बड़ी उम्दा चीज़ है। किसकी है?"

"दोन का पहाड़ा है," मी म्हटलं, अर्धं हिंदी अर्धं मराठी. त्यांना खरं वाटेना.

महिन्याभरात त्या हॉलमध्ये बे, तीन आणि चारचे पाढे सगळ्यांचे पाठ झाले. जन्मापासून लखनौत वाढलेली माणसं "तीन त्रिक नऊ, हाँ" म्हणत चालायला लागली. उच्चार कसेही असोत, पाऊल बरोबर पडायचं. थेरपिस्टला "चोक" म्हणता येत नव्हतं, ती "चौक" म्हणायची, आणि भाऊ दर वेळी थांबून तिला दुरुस्त करायचा. "चोक. तोंड गोल." तिने मुद्दाम ते शिकायला उशीर लावला, असा मला संशय आहे. तो दुरुस्त करायला थांबायचा आणि पुन्हा चालू लागायचा, आणि आपलं आपण थांबून आपलं आपण निघणं हेच त्याला पूर्वी जमत नसे.

तो वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे पाढे वापरतो. सपाट रस्त्याला बे. जिन्याला तीन. दाराच्या एक पाऊल आधी मनात "बे" सुरू करायचं म्हणजे दार मध्येच येतं आणि निघून जातं, हे त्याने स्वतः शोधलं आणि थेरपिस्टने ते बाकीच्यांना शिकवलं. एकोणतीसचा पाढा त्याने रागावल्यावर म्हणायला ठेवलाय. मला तो अजूनही येत नाही.

हे सांगताना सगळं ठीक झालं असं वाटेल, तर तसं नाही. आवाज आहेत. मागच्या हिवाळ्यात एक औषध बदललं तेव्हा दोन महिने तो पुन्हा जवळजवळ पहिल्यासारखा झाला, पट्ट्यांवरसुद्धा पाऊल पडेना, आणि मला पुन्हा ओरडावंसं वाटलं, मी गच्चीवर जाऊन रडले. डावा हात अजून फारसा हलत नाही. काही दिवस तो म्हणतो, "आज नको," आणि आम्ही जात नाही.

पण बाकीचे दिवस खूप आहेत. सकाळी तो एकटा कोपऱ्यापर्यंत जाऊन दूध आणि हिरवा धनिया घेऊन येतो. ओठ हलत असतात. समोरच्या घरातल्या बाई मला म्हणाल्या, "आपके भैया बड़े पूजा-पाठ वाले हैं, हर वक़्त जाप करते रहते हैं।" मी "हो ना" म्हटलं. आमच्या गल्लीत त्याला आता मान आहे, लोक त्याला वाट देतात. एकदा त्या बाईंची नात गणिताची वही घेऊन आली आणि आता ती आठवड्यातून दोनदा येते. मी चहा ठेवते आणि आतल्या खोलीतून त्याचा आवाज ऐकते. मुलीला समजलं नाही की तो तेच वाक्य पुन्हा सांगतो, त्याच सुरात, न कंटाळता. मला असं कुणी गणित शिकवलं असतं तर मी रसायनाकडे वळले नसते.

मीही त्याच्याबरोबर चालते, संध्याकाळी, पार्काच्या भोवती तीन फेऱ्या. त्याच्या गतीने. पहिले काही महिने माझ्या पोटऱ्यांत ओढ लागायची, इतकं हळू चालणं माझ्या अंगात नव्हतं. मग सवय झाली. इतकी वर्षं या पार्कात अमलताशाची, म्हणजे आपल्या बहाव्याची, किती झाडं आहेत हे मी मोजलं नव्हतं, आणि मी वनस्पतींवर काम केलेली बाई.

या फेब्रुवारीत थेरपिस्टने सगळ्या गटाला पहिल्यांदाच हॉलबाहेर काढलं, छावनीतल्या रस्त्यावर. ऊन कोवळं होतं, दोन्ही बाजूंना मोठी झाडं, गाड्या अगदी कमी. आम्ही घरची माणसं मागून चालत होतो. नवऱ्याच्या हातात भुईमुगाच्या शेंगांचा कागदी पुडा, हिरव्या चटणीच्या पुडीसकट. पुढे सर आणि पोस्टातले गृहस्थ, मागे दोन-दोनच्या जोड्या, आणि हळू आवाजात चारचा पाढा चाललेला.

समोरून जवानांची एक तुकडी आली. तीसेक तरुण, बूट एका वेळी पडणारे, बाजूने चालणारा हवालदार ओरडत होता, "एक-दो-एक, एक-दो-एक." थेरपिस्टने आमच्या लोकांना कडेला घेतलं. मला धास्ती वाटली, एवढा मोठा आवाज, परका ठोका, आता हा बिथरणार. भाऊ रस्त्याच्या कडेला उभा राहून त्यांच्याकडे टक लावून बघत होता. तुकडी निघून गेली. धूळ खाली बसली.

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, बिचाऱ्यांना दोनच्या पुढे येत नाही."

मी इतकी हसले की मला झाडाला धरावं लागलं. सगळे विचारायला लागले, सर ने क्या कहा, सर ने क्या कहा. मी हिंदीत सांगितलं तेव्हा थेरपिस्ट रस्त्यातच खाली बसली. पोस्टातले गृहस्थ गंभीरपणे म्हणाले की सरकारने सरांना इथे मास्तर म्हणून ठेवायला हवं.

मग एका झाडाखालच्या पारावर आम्ही सगळे बसलो. नवऱ्याने पुडा मध्ये ठेवला. भावाने उजव्या हाताने शेंगा फोडल्या, आणि डावा, तो न हलणारा हात, त्याने ओंजळीसारखा पुढे धरला होता, दाणे ठेवायला. ओंजळ भरली तशी त्याने ती माझ्यापुढे केली.